दूध कशानं फाटतं

पुण्याहून अलिबागची एसटी सुटली तेव्हा आईने खिडकीतून एकच गोष्ट दोनदा सांगितली. "मामीशी बोल. नुसती बघत बसू नकोस." तिचं म्हणणं खरं होतं. चारचौघांत मी बघते, बोलत नाही. त्यातून शास्त्रातलं काही मराठीत सांगायचं म्हटलं की माझी जीभ अडखळते, कारण ते सगळं मी इंग्रजीत शिकले आहे.

रोह्याच्या मामाला गेली दोनेक वर्षं विसर पडत होता. डॉक्टरांनी अल्झायमर असं नाव सांगितलं होतं. पुढे मामीला कुणीतरी पेपर वाचून दाखवला: अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यातल्या अन्नाने हा आजार होतो म्हणे. अ‍ॅल्युमिनियमला तिकडे जर्मल म्हणतात, आणि मामीने लग्नापासून कोकमाच्या, चिंचेच्या सगळ्या आमट्या जर्मलच्या टोपात रांधल्या होत्या. तिने घरातली सगळी जर्मलची भांडी भंगारात दिली आणि मामासाठी रांधणंच सोडलं. आपल्याच हाताने नवऱ्याचं डोकं नासलं, असं तिने मनाशी धरलं. शेजारून डबा येई. मामा त्याला तोंड लावत नसे, वाळत चालला होता. मी जीवरसायनशास्त्राच्या एम.एस्सी.ला होते आणि आमच्या प्रयोगशाळेत याच आजारातल्या प्रथिनावर काम चाले. म्हणून मला पाठवलं होतं.

घाट उतरल्यावर हवा एकदम जड झाली. पेणला गाडी बदलायची होती. रोह्याच्या गाडीला वेळ होता म्हणून स्टँडमागच्या गल्लीत शिरले. एका कारखान्यात शाडूचे गणपती फळ्यांवर ओळीने वाळत होते. रंग नाही, डोळे नाहीत, नुसती ओली करडी माती. इतके चेहरे एकदम आपल्याकडे बघत नाहीत, ही गोष्ट मी पहिल्यांदाच अनुभवली. शेजारच्या ओट्यावर एक बाई पोह्याचे पापड वाळत घालत होत्या. मी कुणाकडे चालले, कुणाची मुलगी, लग्न झालं का, हे त्यांनी हात न थांबवता विचारून घेतलं. मी जमेल तितकं कमी सांगितलं. पापड बांधून देताना त्या म्हणाल्या, "बोलायला पैसं पडत्यात का गो तुला?" मी हसले, आणि तेवढ्यावर त्यांनी दोन पापड जास्त घातले.

पेण सोडल्यावर काही वेळ खाडीची जमीन लागली. मिठागरांतलं पाणी आरशासारखं पडलं होतं आणि कडेला मिठाचे पांढरे ढीग होते. कालपर्यंत जे पाण्यात होतं पण दिसत नव्हतं, ते ऊन तापल्यावर असं डोळ्यांना दिसू लागतं. आमच्या परीक्षानळीतही तसंच होतं. प्रथिनाचं द्रावण पाण्यासारखं नितळ असतं. त्यात आम्ही थोडी आम्लता वाढवतो किंवा जस्ताचा कण घालतो, आणि बघता बघता नळी गढूळ होते. एकएकटे तरंगणारे रेणू एकमेकांना धरतात, त्यांचे धागे होतात, धाग्यांच्या गाठी. हे मी कितीदा पाहिलं होतं. ज्याच्या डोक्यात ते होत होतं, त्याच्याकडे मात्र पहिल्यांदा चालले होते.

नागोठणं मागे पडलं. रोह्याच्या पुढे कोकण रेल्वेचं काम चालू होतं, त्या वर्षी स्टँडवर सगळीकडे त्याच गप्पा होत्या. वारं फिरलं की धाटावच्या कारखान्यांचा उग्र वास येई. मामाने तिथल्याच एका कंपनीत ऑपरेटर म्हणून जन्म काढला होता.

घर कुंडलिका नदीपासून जवळ. मामा व्हरांड्यात बसला होता. माझा चष्मा आणि खांद्यावरची बॅग बघून तो उभा राहिला आणि अदबीने म्हणाला, "या म्याडम. टेम्परेचर नॉर्मल हाय. सगळं नॉर्मल हाय." त्याने मला तपासणीला आलेली अधिकारी ठरवलं होतं. मी "ठीक आहे" म्हटलं. त्याला बरं वाटलं.

मामी दारात होती. तिने मला जवळ घेतलं, पण पापडांचा पुडा हातात घेतला नाही. "तूच तळ त्यांच्यासाठी," म्हणाली. रात्री डबा आला. मामाने भाताचा एक घास घेतला आणि ताट सरकवलं.

पहाटे कडी वाजली म्हणून उठले, तर मामा इस्त्रीचा शर्ट घालून निघाला होता. मामी म्हणाली, जा मागून, बघ. नाक्यावर फर्स्ट शिफ्टची बस येते. बस आली, थांबली. ड्रायव्हरने दार उघडून सांगितलं, "काका, आज तुमचा वीकली ऑफ."

"मंग कालच सांगायचं ना," मामा कुरकुरला.

"चुकलं काका," ड्रायव्हर म्हणाला. आतून कुणीतरी ओरडलं की काकांची मजा आहे, आम्हालाच मरायचंय. मामा खूश होऊन घरी वळला. ड्रायव्हर बदलतात, पण नवा आला की जुना त्याला हे सांगून जातो, असं मामीने नंतर सांगितलं. रोज बस थांबते, रोज मामाला सुट्टी मिळते.

त्याच सकाळी माझ्या हातून दूध फाटलं. रात्री लाइट गेली होती, फ्रिज बंद पडला होता. चहासाठी दूध तापवलं आणि त्यात गुठळ्या झाल्या. मी ओशाळले. मामीने डोकावून बघितलं. "ऱ्हाऊ दे. उन्हाळ्यात होतं."

बोलायचं तर आत्ताच, असं मला वाटलं. "मामी, यात कुणी लिंबू पिळलं का?"

"नाय."

"मग का फाटलं?"

"आतल्या आत आंबलं असंल. कळतंय कुठं? तापवल्याबिगर कळत नाय."

मी तिला सांगत गेले, अडखळत. दुधातलं प्रथिन डोळ्यांना दिसत नाही, कारण ते सुटं सुटं तरंगत असतं. दूध जरा आंबलं की ते एकमेकांना चिकटतं. मामाच्या डोक्यातही एक प्रथिन असतं, सगळ्यांच्याच असतं. आजूबाजूची आम्लता किंचित बदलली, जस्त, तांबं इकडचं तिकडे झालं, की त्याच्या गाठी होऊ लागतात. हे धातू शरीराचे स्वतःचेच, ते लागतातच. तोल का ढळतो, ते अजून जगात कुणालाच नक्की ठाऊक नाही.

"आन जर्मल?"

"काहींना वाटलं होतं तसं. पण सिद्ध झालेलं नाही. आमच्या मेसमध्ये सगळं त्यातच शिजतं, मी रोज जेवते. अख्खं रोहा त्यात रांधतं मामी, मग सगळेच विसरायला हवे होते."

"विसरतातच की. उसनी साखर नेलेली कोण आठवतो?" ती म्हणाली, पण हसली नाही. फाटलेल्या दुधात चमचा फिरवत राहिली. मग तिने जे विचारलं, त्याचीच मला पुण्यापासून भीती होती. "हे परत दूध व्हतं का?"

"नाही."

"त्यांचं बी?"

"नाही, मामी."

मला वाटलं, गप्प बसले असते तर बरं झालं असतं. मग तिने पदराने तोंड पुसलं. "म्हंजी मी रांधलं काय, न रांधलं काय, ते व्हनारच."

"हो. पण न रांधल्याने तो उपाशी राहतोय."

ती उठली आणि बाजारात गेली. जिताडा (खाडीतला मासा) घेऊन आली. नारळ वाटला, कोकमं भिजवली, नव्या स्टीलच्या टोपात कालवण ठेवलं. कोकमं टाकताना तिचा हात थांबला. मी बघत होते. तिने ती टाकली.

दुपारी मामा जेवला. आधी बोट बुडवून चाटलं, मग भात कालवला, मग आणखी मागितला. ताट निपटून त्याने मामीकडे परक्या बाईकडे बघावं तसं बघितलं. "बाय, तुमच्या हाताला आमच्या घरची चव हाय."

मामी त्याला पाणी देत म्हणाली, "व्हय. तिथंच शिकले."

दुसऱ्या दिवशी परत निघाले. खिडकीशी बसून माणसं चढता-उतरताना बघत होते: टोपल्या घेतलेल्या बायका, शिफ्ट सुटलेले कामगार, शेंगदाणे खाणारं एक म्हातारं जोडपं. प्रत्येकाच्या कवटीत तेच पाणी, तेच प्रथिन, चिमूटभर जस्त, चिमूटभर तांबं. जरा इकडेतिकडे झालं की गाठ. प्रयोगशाळेत आम्ही गाठ का होते तेवढंच विचारतो. त्या गाडीत मला पहिल्यांदा उलटा प्रश्न पडला: इतक्या माणसांत, इतकी वर्षं, ती होत नाही हे कसं? आणि झाल्यावरसुद्धा, मामाच्या डोक्यात त्या कालवणाची चव कुठे तग धरून बसली होती? शेजारच्या आजीबाईंनी विचारलं, "काय झालं गो, रडतेस का?" नेहमीप्रमाणे 'काही नाही' म्हणणार होते. मग मी त्यांना मामाचं सगळं सांगितलं, पेण येईपर्यंत.