मंदाकाकूंचा अर्ज

मंदाकाकू दर रविवारी जेवणं आटोपली की स्वतःचाच डेटाबेस पुसून टाकायच्या. तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आमच्या शेजारी राहणाऱ्या या बाईंनी मराठी वाचनालयाची सगळी पुस्तकं आणि सभासद घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर चढवले होते. ते सारं क्षणात नाहीसं झालेलं पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा प्रोग्रामिंगवर पोट भरणारा मी ओरडलोच.

"ओरडतो काय? बॅकअप आहे नं! घड्याळ बघ." अकरा मिनिटांत सगळं जागेवर. "आपणच बिगाडायचं, आपणच सुधारायचं. बाकी सब रट्टा, नुसती घोकंपट्टी!"

काकू मूळच्या ग्वाल्हेरच्या, बी.ए. झालेल्या. मुलगी लग्न होऊन नागपूरला गेली आणि यांनी हिंदी व्हिडिओ बघून हे डेटाबेसचं काम शिकायला घेतलं. एरर आली की ती वहीत उतरवायची, खाली ती कशी सुटली ते लिहायचं. "शिकवणारं कोणी नाही, तर चूकच टीचर," म्हणायच्या. मी त्यांची फार थट्टा करायचो. त्यांनाही ती आवडते, असं मी आपलं धरून चाललो होतो.

शाहपुऱ्यातल्या आमच्या ऑफिसात डेटाबेस सांभाळायला माणूस हवा होता. काकूंनी अर्ज आणून दिला. चौपन्नाव्या वर्षी, आयुष्यातला पहिला. "नोकरी दे म्हणत नाही रे सुहास. फक्त इंटरव्ह्यू होऊ दे. मी किती पाण्यात आहे, ते तरी कळेल."

मी तो अर्ज दिलाच नाही. ऑफिसातली पोरं पंचविशीतली. 'आंटी' म्हणून हसतील, सोबत माझीही टिंगल होईल, याची मला लाज वाटली. काकूंना सांगितलं, "साहेबांनी बघितला. तयारी कमी आहे म्हणाले."

त्या म्हणाल्या, "बघितला नं? मग ठीक. मतलब मीच कच्ची. अजून करते." आणि चहा टाकायला उठल्या. तेव्हा खरं सांगता आलं असतं. मी चहा पिऊन घरी आलो.

पुढे काका रिटायर झाले, क्वार्टर सुटलं, दोघं मुलीकडे राहायला गेली. यंदा काकू गेल्याचं कळलं म्हणून मी त्यांच्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, "आई शेवटपर्यंत अभ्यास करत होती. कितीदा म्हटलं, इथे कुठेतरी अर्ज कर. तर म्हणायची, सुहास त्या लाइनमधला आहे, तो खोटं कशाला सांगेल? अजून माझी तयारी नाही."

मी तिलाही खरं सांगितलं नाही.