पत्तेकाका आणि पळत्या बाटल्या

पत्तेकाकांच्या पहिल्या भेटीत माझा दारातच पुतळा झाला. नोकरीचा पहिला दिवस, हातात चहाचा कप, आणि आतून गर्जना, "हलायचं नाही! आहेस तिथेच थांब!" मी इतका वेळ थांबलो की चहावर साय धरली, ती वाळली, आणि सफाईवाला मला फर्निचर समजून माझ्याभोवतीची फरशी पुसून गेला. मग कळलं, काका कॉम्प्युटरच्या मेमरीला दम देत होते.

आमची प्रोग्रॅमिंगची भाषा लाड करणारी. आपण मेमरीत पसारा करावा, तिने मागून आवरावा. आवरताना ती मेमरीतल्या वस्तू, म्हणजे साठवलेली माहिती, इकडच्या तिकडे सरकवते. आम्ही वस्तूला नावाने हाक मारायचो, असेल तिथून ती यायची. काकांना मात्र तिचा थेट पत्ता लागे, म्हणजे पॉइंटर. आणि पत्त्यावर जाणाऱ्याला घर हललेलं कसं चालेल? म्हणून काका पत्तेकाका. एरवी काकूंनी घर आवरलं की यांना स्वतःचा चष्मा सापडत नसे.

आमचं यंत्र कारखान्याच्या पट्ट्यावरून पळणाऱ्या बाटल्यांचे फोटो तपासून तडकलेली बाटली बाजूला काढायचं. म्हणजे काढायला हवी होती. निर्णय होईपर्यंत बाटली खोक्यात जाऊन बसलेली असे. कारखाना यंत्र परत पाठवायला निघाला. यंत्र गेलं की आमचा विभागही गुंडाळणार.

"नावाने हाका मारण्यातच वेळ जातो. फोटोतले ठिपके मी थेट पत्त्यावरून वाचतो," काका म्हणाले. "फक्त कोडवर 'अनसेफ' लिहावं लागेल, कारण तिथे भाषा आपली राखण करत नाही."

मॅनेजरबाई दचकल्या. "असुरक्षित? अहो काका, गिऱ्हाइकाला काय सांगू?"

"सुरीला धार असते म्हणून भाजी नखांनी चिरता का, बाई?"

"आणि बोट कापलं तर?"

"माझंच कापेल."

कापलंच. पहिल्या चाचणीत पॉइंटर शेवटचा ठिपका ओलांडून एक पाऊल मेमरीतल्या शेजारच्या अंगणात गेला, आणि प्रोग्रॅम निरोपही न घेता कोसळला.

"शेजारी मारका निघाला," काका पुटपुटले आणि दुपारभर कुंपण तपासत बसले.

संध्याकाळी एक तडकलेली बाटली पट्ट्यावरून ऐटीत आली आणि खट्कन बाजूला पडली. बाईंनी टाळ्या वाजवल्या. काका तोवर चष्मा शोधत होते.

यंत्र राहिलं, विभागही राहिला. पुढच्या वर्षी भाषेच्या नव्या आवृत्तीत हेच काम सुरक्षितपणे करायची सोय आली. काकांनी आपला कोड स्वतःच काढून टाकला. वेग तेवढाच राहिला.