नलिनीबाई आणि उन्हातली दोरी

नलिनीबाईंना साठ वर्षं पूर्ण झाली, म्हणून मलाही चार शब्द सांगायला लावलं आहे. मला अक्षर येत नाही. मी बोलते, नात मंदा लिहिते. चुकलं तर तिचं.

बाई मंदाच्या शाळेतल्या. पहिल्यांदा आमच्या भिवंडीतल्या नारपोलीच्या खोलीत आल्या, तेव्हा मंदा सातवीत होती. मुलगा कापडाच्या लूमवर, सून लूमसाठी सुताच्या कांड्या भरायला, घरी मीच. बाईंनी विचारलं, "मंदा शाळेत का येत नाही?"

"ताप हाय."

"दर महिन्याला न चुकता येणारा ताप मी पहिल्यांदाच ऐकते, आजी."

बाईंपुढे खोटं टिकत नाही, हे तिथंच कळलं.

पाळी आली की मंदा घरी बसायची. बसायचंच तर शाळा सोडून कांड्या भरू दे, असं तिचा बाप म्हणत होता. बाईंनी कापड बघायला मागितलं. लूमवरचं कोरं कापड, कांजीनं पुठ्ठ्यासारखं कडक, गादीखाली लपवून वाळवलेलं, म्हणजे ओलंच. पोरीच्या मांड्या सोलवटल्या होत्या. ते उजेडात आणायची आमच्यात रीतच नव्हती. बाईंनी नाक मुरडलं नाही. पाणी उकळायला लावलं, कांजी सुटेपर्यंत कापड स्वतः चोळलं आणि दोरी कुठं आहे विचारलं.

"बाहेर? पुरुष बघतील की."

"आजी, या भिवंडीत कापडाकडे कोण बघतं?"

बघणारा आलाच. मुलगा शिफ्टवरून परतला. "हे काय वाळतंय?" मी आपली स्टोव्हला पंप मारत बसले. बाई सरळ म्हणाल्या, "मंदाची पाळीची कापडं. ही नीट वाळली तर ती शाळेत येईल."

तो मान खाली घालून निघून गेला. मला वाटलं, पोरीची शाळा संपली. दुसऱ्या दिवशी त्यानं पेटीवर मऊ मलमल आणून ठेवली. "कोरं टोचतं," एवढंच बोलला. शाळा सोडायचा विषय पुन्हा निघाला नाही.

मग बाईंनी शाळेत शनिवारी पाळीबद्दल मुलींचा वर्ग सुरू केला. शेजारच्या खाला कुरकुरल्या, "टीचर, ये बातें स्कूल में?"

"घर में आप बताती हैं क्या, खाला?"

पुढच्या शनिवारी खाला मुलीला घेऊन स्वतःच पुढे बसल्या.

आजही बाई घरी आल्या की आधी दोरीकडे बघतात, मग माझ्याकडे. बिनसाखरेच्या पाण्याला चहा म्हणतात, ही एक खोड सोडली तर देवानं त्यांना आहेत तसंच ठेवावं, पाय घट्ट आणि जीभ तिखट. शनिवारचा वर्ग आता मंदा घेते, त्याच शाळेत. बाईंनी तो दाराआडून ऐकावा, मंदा चुकली की आत शिरावं, अशी पुष्कळ वर्षं त्यांना लाभोत.