सुई न टेकवता

मिलिंद गेल्याची बातमी मला कुणी सांगितली नाही. ती मीच घेऊन गेलो, दापोडीला, त्याच्या आईकडे. कंपनीची जीप होती, पुढे एक साहेब बसलेला, मागे मी, आणि साहेब सारखा मागे वळून म्हणत होता, तुझी ओळख आहे ना, मग तूच बोल. जीप गल्लीबाहेर थांबली, मी चालत गेलो. आई दारात बसून घेवडा निवडत होती. मला बघून म्हणाली, "संजू, आज लवकर सुटली शिफ्ट? आणि हा कुठं राहिला, सायकल लावतोय का?" मी म्हणालो, "आई, त्याला जरा लागलंय." जरा... मला दुसरा शब्दच सुचला नाही. तिने निवडलेल्या घेवड्यावर ताट झाकलं, चपला शोधल्या, पदर खोचला आणि विचारलं, "कानाला लागलं का?"

म्हणजे आईला माहीत होतं. मला वाटायचं फक्त आम्हालाच माहीत आहे.

याला आता दीड महिना झाला. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला कारखान्यातले, आमच्या शॉपमधले सगळे आले होते, सगळे गोड बोलले, मीही बोललो. मिलिंद मनमिळाऊ होता, कामसू होता, संगीताची आवड होती वगैरे. घरी येऊन मला स्वतःचीच शिसारी आली. म्हणून हे लिहितोय. मी काही लेखक नाही, सुचेल तसं भराभर लिहितोय, पुढचं मागे झालं तर सांभाळून घ्या.

मिलिंद माझ्या शेजारच्या प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबायच्या मशीनवर होता. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मी लागलो त्या पहिल्याच दिवशी त्याने जेवणाच्या सुट्टीत माझ्यासमोर डबा ठेवला आणि नाव-गाव काही न विचारता म्हणाला, "टिन रूफ ऐकलंयस?" मला वाटलं शेडच्या पत्र्याबद्दल विचारतोय. मी म्हणालो, "गळतंय का?" तो इतका हसला की त्याला ठसका लागला. टिन रूफ म्हणजे बँड. खडकीचे दोघं आणि कॅम्पातले दोघं, अशी चार पोरं, केस मानेपर्यंत, इंग्रजी गाणी, स्वतःच लिहिलेली. त्यांच्या दोनच रेकॉर्ड निघाल्या, एक लहान आणि एक मोठी. तुम्ही ऐकल्या नसणार. ऐकलेला माणूस मला आजवर मिलिंद सोडून दुसरा भेटलेला नाही.

त्या दोन रेकॉर्डवर तो जे बोलायचा ना, ते खरं तर कुणीतरी लिहून ठेवायला पाहिजे होतं. लहान रेकॉर्ड त्याला जास्त आवडायची. म्हणायचा, "यात ते घाबरलेत. घाबरलेला माणूस खोटं वाजवू शकत नाही." मोठी मुंबईत झाली, चांगल्या स्टुडिओत, आणि तिच्यावर त्याचा राग होता. "तिथं त्यांना कुणीतरी सांगितलं की तुम्ही छान वाजवता. झालं, तिथंच वाट लागली." पण त्याच मोठ्या रेकॉर्डवरचं चौथं गाणं लागलं की गप्प व्हायचा. त्या गाण्यात एक जागा आहे. गिटार थांबते, सगळं थांबतं, आणि ड्रम यायला पाहिजे तेव्हा येत नाही. केसाएवढा उशीर करतो, आणि मग येतो. मी म्हणालो, चुकलाय तो. मिलिंद म्हणाला, "चुकला नाही रे. प्रेस बघ तुझी. पत्रा सरकवतोस, पेडल दाबतोस, आणि मधे एवढंसं काही नसतं... मग धाड. तो ड्रमवाला कुठंतरी कारखान्यात वाढलाय, बघ तू." मी त्यानंतर महिनाभर पेडल दाबून ती मधली जागा ऐकायचा प्रयत्न करत होतो. एकदा बोट थोडक्यात वाचलं.

कार्यक्रम तर त्याने एकही सोडला नाही. खडकीच्या चर्चच्या हॉलमध्ये, कॉलेजांच्या गॅदरिंगला, सायकल मारत जायचा, मला मागे बसवून. चिंचवडला एका मैदानात ते वाजवायला आले, तो दिवस मला जसाच्या तसा आठवतोय. लोकांना वाटलं ऑर्केस्ट्रा आहे. दुसऱ्या गाण्यालाच ओरडा सुरू झाला, हिंदी म्हणा, सिनेमाचं म्हणा. मग चपला आल्या. आणि मिलिंद कुठे? स्टेजला अगदी चिकटून, मोठ्या स्पीकरच्या खोक्यावर दोन्ही तळवे ठेवून, डोळे मिटून. एक चप्पल त्याच्या पाठीत बसली तरी हलला नाही. मला वाटलं, काय भक्ती आहे राव. कार्यक्रम गुंडाळल्यावर तो गाणाऱ्याला भेटायला मागे गेला. चौथ्या गाण्यातल्या त्या जागेबद्दल काय बोलायचं ते त्याने इंग्रजीत पाठ केलं होतं. गाणाऱ्याने त्याच्या खाकी कपड्यांकडे बघितलं आणि म्हणाला, "अच्छा, आ गया? ये बॉक्स उठा, टेम्पो में डाल." मिलिंदने उचललं. चारही खोकी उचलली. परत येताना सायकलवर मला म्हणाला, "संज्या, स्पीकरच्या आतला तो कागदी कोन केवढा मोठा आहे माहितीये? मी हात लावून बघितला." त्याला अपमान कळला की नाही, मला आजही माहीत नाही. मी मात्र दुसऱ्या दिवशी शॉपमध्ये हे रंगवून रंगवून सांगितलं, आणि तेव्हापासून सगळे त्याला बघितलं की म्हणायचे, "बॉक्स उठा."

आता मुद्द्याचं. त्याला ऐकू येत नव्हतं. म्हणजे अगदी शून्य नाही, पण जवळजवळ. प्रेस शॉपमध्ये हे लक्षात येत नाही, कारण तिथे कुणालाच ऐकू येत नाही. आम्ही सगळेच ओठांवर आणि हातांवर बोलतो. मूठ हलवली की चहा, कॉलर धरली की साहेब. चऱ्होलीचा बबन सगळ्यात जुना ऑपरेटर, तो हसत सांगायचा की मिलिंद नवीन होता तेव्हा कानात कापूस घालून यायचा. "मीच काढला व्हता वढून. म्हनलं, बाळंतीण हायेस का रं?" मग मिलिंदने कापूस घातला नाही. नऊ वर्षं.

मला कळलं ते सायकलवर. मी मागे बसून काहीतरी बडबडत होतो, आणि तो उत्तरच देईना. मी मुद्दाम त्याला एक घाण शिवी दिली. काही नाही. दुसरी दिली, आईवरची. तो पेडल मारत शीळ वाजवत होता, तेच चौथं गाणं. मला काय वाटायला पाहिजे होतं? वाईट. मला वाटली मजा. मला काही नवीन कळलं की ते पोटात राहत नाही, हा माझा लहानपणापासूनचा रोग आहे. दुसऱ्या दिवशी मी बबनला सांगितलं.

गुरुवारच्या सुट्टीला बबन आणि मी दापोडीला गेलो. आई बाहेर गेली होती. मिलिंदने मोठी रेकॉर्ड लावली आणि चहा करायला आत गेला. बबनने मला डोळा मारला. मी सुई हळूच उचलून बोटभर वर अडकवून ठेवली. तबकडी फिरत राहिली, आवाज बंद. मिलिंद कप घेऊन आला, बसला, एक तळवा स्पीकरच्या खोक्यावर ठेवला, डोळे मिटले आणि मांडीवर बोटं सुरू केली. खोलीत फक्त प्लेअरच्या मोटारीची घरघर आणि शेजारी कुणीतरी लसूण कुटत होतं. तो म्हणाला, "आता बघ... गिटार थांबली... थांब, थांब, उशीर करतो बघ..." आणि बोट वर करून थांबला. बबन म्हणाला, "व्हय की, लईच उशीर करतोय. जेवून येतोय का काय?" मी हसून हसून कप सांडला. मिलिंदने डोळे उघडले ते त्या गरम चहामुळे. आधी आमची तोंडं बघितली, मग सुई.

तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने तबकडी थांबवली, मऊ फडक्याने पुसली, कव्हरात घातली. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "कुणाला सांगू नका. मशीनवरून काढून गेटवर बसवतील. आणि लोक म्हणतील, हा कसला गाणी ऐकणारा." दुसरं वाक्य त्याला जास्त जड गेलं, हे मला दिसलं. बबन म्हणाला, "न्हाई सांगत, आईशप्पत." शुक्रवारी पहिल्या चहापर्यंत अख्ख्या शॉपला कळलं होतं. बबनने किती जणांना सांगितलं मला माहीत नाही. मी चौघांना सांगितलं.

मग खेळ सुरू झाला. लांबून मिलिंदचं लक्ष वेधायचं, तोंडावर भीती आणायची आणि ओठांनी म्हणायचं, "मागं, मागं बघ!" तो दचकून वळायचा, कधी उडी मारायचा. मागे काहीच नसायचं. सगळी लाइन हसायची, सुपरवायझरसुद्धा. हे किती दिवस चाललं? पावसाळाभर. मी तीनदा केलं. तिन्ही वेळचा त्याचा चेहरा मला वेगवेगळा आठवतो. तिसऱ्या वेळेनंतर तो कँटीनमध्ये माझ्या समोर येऊन बसला. पहिल्या दिवसासारखाच डबा ठेवला. म्हणाला, "संज्या, आता मी वळणार नाही. कुणी काही म्हणो. खरं असलं तर येऊन हात लाव. हात लावलास तरच वळेन." मी म्हणालो, "बरं." तो म्हणाला, "तुलाच सांगतोय, बाकीच्यांना नाही." आणि लोणच्याची फोड माझ्या डब्यात टाकली.

तो गेला त्या दिवशी त्याच्या मागून क्रेनवरून पत्र्याचा कॉइल, ते भलंमोठं भेंडोळं, येत होता. साखळी सरकताना मी बघितली. मी दहा पावलांवर होतो. मिलिंद माझ्याकडे तोंड करून उभा होता. मी ओरडलो, जीव खाऊन, "मागं! मिलिंद, मागं!" त्याने माझे ओठ बघितले. आणि तो हसला. बोट वर करून नाही-नाही असं हलवलं, आणि मग स्वतःच्या खांद्यावर दोनदा थोपटलं. म्हणजे, हात लाव.

दहा पावलं. धावलो असतो तर पोचलो असतो की दोघं गेलो असतो, कुणास ठाऊक. मी धावलो नाही, एवढंच मला माहीत आहे. मी परत ओरडलो.

चौकशीत साहेबांनी विचारलं, सूचना दिली होती का? मी म्हणालो, हो, दोनदा ओरडलो. त्यांनी तसंच लिहून घेतलं, मृताला वेळेवर सूचना देण्यात आली होती. मला सही करायला लावली. सगळं खरंच होतं. बबन बाहेर येऊन मला म्हणाला, "लेका, तू तर वरडला तरी. तुझ्यावर काय न्हाई." आता शॉपमध्ये कुणी कुणाला ओठांनी फसवत नाही. बॉक्स उठा मात्र अजून म्हणतात, दुसऱ्या एका पोराला.

मागच्या गुरुवारी मी दापोडीला गेलो. संध्याकाळचे सहा वाजले असतील. आई प्लेअरसमोर बसली होती. मोठी रेकॉर्ड फिरत होती आणि सुई वर अडकवलेली. बोटभर. मला वाटलं त्याने तिला सांगितलंय, आणि हे माझ्यासाठीच मांडून ठेवलंय. पण ती म्हणाली, "ये, बस. तो शेवटी शेवटी अशीच लावायचा. म्हणायचा, सुई टेकली की झिजते, आणि मला तशीही पाठ आहे." मी सुईकडे हात नेला. म्हणालो, "आई, मी लावून देतो, आवाज येईल." तिने माझं मनगट धरलं. "नको. आवाज आला तर मला कळणार नाही, तो काय ऐकायचा ते."

मग आम्ही दोघं बसलो, बघत. तिने तळवा खोक्यावर ठेवला होता, त्याच्यासारखाच. थोड्या वेळाने म्हणाली, "यात कुणीतरी उशिरा येतो म्हणायचा. ड्रमवाला का कोण. आला की सांग हं मला."

ते गाणं मी किती वेळा ऐकलंय. डोक्यात सुरू केलं, गिटारपर्यंत नीट गेलो, आणि मधेच कुठंतरी सुटलं. परत पहिल्यापासून धरलं, परत सुटलं. तबकडी गरगर फिरत होती, आई माझ्या तोंडाकडे बघत होती. बाहेरचा अंधार आत यायला लागला तेव्हा तिनेच बटण बंद केलं, तबकडी पुसली, कव्हरात घातली.

म्हणाली, "आज नाही आला वाटतं."