काविळीच्या माळा मोजल्या तेव्हा

"सोमवारपासून टँकर बंद," इस्पितळाचे मोठे साहेब म्हणाले आणि त्यांनी माझी पाठ थोपटली. मी खुळ्यासारखा हसलो.

पंजाबातल्या दहशतवादाचे दिवस. मी साताऱ्याचा, चंडीगडच्या एका इस्पितळात संख्याशास्त्रज्ञ. शहराच्या कडेच्या एका कॉलनीत दूषित पाण्यानं काविळीची साथ आली होती. साथीचं मॉडेल म्हणजे साधं गणित. आजारी किती, बरे किती, अजून धोक्यात किती, यावरून साथ पुढे कुठे जाईल ते काढायचं. या आठवड्यात पेशंट घटतील, असं माझं मॉडेल म्हणालं आणि ओपीडीचे आकडे अगदी तसेच घसरले. माझा रुबाब काय विचारता. साहेबांनी लगेच कॉलनीचे शुद्ध पाण्याचे टँकर थांबवायचं ठरवलं.

गुरमीत बहनजी तेवढ्या हसल्या नाहीत. त्या आमच्या हेल्थ व्हिजिटर, घरोघर फिरणाऱ्या; मला वीरजी, म्हणजे भाऊ, म्हणायच्या. "वीरजी, चार दिन बंद और कर्फ्यू था. बस ही नहीं चली. मरीज आता कैसे?"

"बहनजी, मॉडेलनं आधीच सांगितलं होतं."

"आपका मॉडेल कभी कॉलनी गया है?"

राग आला. एम.एस्सी.ला पहिला आलेला माणूस मी! पण कर्फ्यू त्याच सकाळी उठला होता. गेलो, त्यांच्या लूनावर मागे बसून.

पहिल्याच गल्लीत सुनीता नावाची बाई कपडे धूत होती. सातवा महिना, डोळे हळदीसारखे. गळ्यात बारीक काड्यांची माळ. अशी माळ काविळीवर मांत्रिक घालतो. माझ्या आत्याच्याही गळ्यात होती. पुढच्या घरी माळ, त्याच्या पुढेही. बहनजी माळा मोजत गेल्या, मी मान खाली घालून वहीत लिहीत गेलो. साथ उतरली नव्हतीच. बस नसल्यानं पेशंट इस्पितळाऐवजी कॉलनीतल्याच मांत्रिकाकडे जात होते.

गरोदरपणी ही कावीळ जिवावर बेतते. बहनजींनी सुनीताला लूनावर माझ्या जागी बसवलं. मी चालत आलो.

"साहेब, माझं चुकलं," मी वही पुढे केली. साहेबांनी माळांचे आकडे दोनदा वाचले. टँकर चालू राहिले. सुनीता पंधरा दिवस ॲडमिट होती. पुढे तिला मुलगी झाली. तिच्या बारशाचे लाडू बहनजींनी माझ्या टेबलावर ठेवले. बहनजींवर माझी माया जडली ती कायमची.

आजही कोणी घसरलेला आलेख कौतुकानं दाखवला, की मी आधी विचारतो, "बस चालू होती का?"