बाबांचे बोट्स्वानाला प्रश्न

धाकटा भाऊ बोट्स्वानाला निघाला, त्या दिवशी बाबा त्याला स्टेशनवर सोडायलाही आले नाहीत. जबलपूरमधल्या चेरीताल भागातल्या घरात पेपर उघडून बसून राहिले. फौजेचे ट्रक बनवणाऱ्या तिथल्याच कारखान्यात त्यांची सारी नोकरी झाली होती. मुलानंही इथंच सरकारी नोकरीत चिकटावं, एवढीच त्यांची इच्छा. तो मात्र आफ्रिकेच्या दक्षिणेला, अर्ध्याहून जास्त वाळवंट असलेल्या देशात ट्रक दुरुस्त करायला गेला.

दर रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. आई आणि मी बोलायचो. बाबा आतल्या खोलीत.

ऑगस्टमधल्या एका रविवारी भाऊ म्हणाला, "शुक्रवारी आम्हाला दुपारनंतर सुट्टी दिली. इथल्या पोरानं ऑलिंपिकमध्ये दोनशे मीटरची शर्यत जिंकली. देशाचं पहिलंच सुवर्णपदक."

आतून आवाज आला, "शर्यत जिंकली म्हणून वर्कशॉप बंद? काहून?"

तो गेल्यापासून बाबांनी त्याला विचारलेला हा पहिला प्रश्न. आईनं माझ्याकडे पाहिलं. भाऊ घाईनं सांगू लागला.

"बाबा, राष्ट्रपतींनीच सांगितलं. सगळे नाचून राहिले होते. आमचा फोरमन तर रडला."

"फोरमन रडला?" बाबा दारात येऊन उभे राहिले. बहुतेक त्यांचे स्वतःचे फोरमन त्यांना आठवत असावेत.

दोनेक आठवड्यांनी तिथल्या खाणीत प्रचंड मोठा हिरा सापडला. त्या रविवारी फोन बाबांनीच उचलला. "केवढा आहे म्हणे?"

"अर्धा किलो धरा."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासोबत भाजी आणायला गेले. बाबा भाजीवाल्याला म्हणाले, "भैया, ज़रा वो आधा किलो का बाट देना." लोखंडी वजन तळहातावर घेऊन ते कितीतरी वेळ उभे होते. भाजीवाल्याला वाटलं, त्याच्या मापावर संशय आहे. त्याची समजूत मला घालावी लागली.

मग निवडणूक आली. देश स्वतंत्र झाल्यापासून तिथं एकच पक्ष सत्तेत होता, आणि या खेपेला तो हरण्याची चिन्हं होती. बाबा रोज फोन करू लागले. "बाहेर फिरू नको. राशन भरून ठेव." निकाल लागला, पक्ष हरला. मतमोजणी संपायच्या आधीच राष्ट्रपतींनी पराभव मान्य केला.

"अच्छा. आणि मग?" बाबांनी विचारलं.

"मग काय, आम्ही कामावर आलो."

बाबांना ते पटेना. तेव्हा भावानं वर्कशॉपचं स्टोअर सांभाळणाऱ्या बाईंना फोनसमोर बसवलं. साठीच्या आसपासच्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या. मतदानाला त्या दिवसभर रांगेत उभ्या होत्या.

"मॅडम, नो फाइट?" बाबांनी कारखान्यातलं इंग्रजी काढलं.

बाई हसल्या. लोकांना बदल हवा होता, तो झाला, भांडायचं कशाला, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनीच विचारलं, तुमच्याकडे पाणी कसं आहे? त्यांच्याकडे त्या वर्षी भयंकर दुष्काळ होता. पावसाला ते लोक 'पुला' म्हणतात, आणि त्यांच्या चलनाचं नावही तेच, हे भावानं समजावलं. बाबांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. आमच्या नर्मदेला बाराही महिने पाणी असतं, असं त्यांनी सांगितलं, तर बाईंचा विश्वास बसेना.

"मग दाखवतोच," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला बँकेतून अर्धी रजा घ्यायला लावून ते माझ्या स्कूटीवर मागे बसले. नर्मदेच्या ग्वारीघाटावर आम्ही नाव केली. नदीच्या मधोमध जाऊन बाबांनी फोन पाण्याकडे धरला. पलीकडे बाईंनी हाका मारून सगळं वर्कशॉप गोळा केलं. ग्रीसनं माखलेले दहाबारा चेहरे दाटीवाटीनं स्क्रीनवर आले. नावाडी मला विचारत होता, "दीदी, कौन लोग हैं?"

परतताना बाबांनी पासपोर्ट कसा काढतात ते विचारलं. पुढे घरी पडताळणीला आलेला हवालदार म्हणाला, "बाबूजी, इस उमर में अफ्रीका?"

"बेटा है वहाँ," बाबा म्हणाले, आणि त्याला हिऱ्याबद्दल सांगायला बसले. चहा दोनदा झाला.

मार्चमध्ये भाऊ त्यांना तिकडच्या विमानतळावर घ्यायला आला, तेव्हा सोबत त्या बाईही आल्या होत्या.