सेफ्टीत गेलेले व्याही

गॅस सुटला आणि शिट्टी फुंकायची सोडून आमच्या व्याह्यांनी जेवणाची थाळी बडवली. असला माणूस साऱ्या सातारा जिल्ह्यात दुसरा निपजायचा नाही. पॅकिंगच्या आम्ही सगळ्या बायका जेवायची हाक समजून हात पुसत कँटीनमध्ये शिरलो, आणि दूध गार करायच्या यंत्रातला अमोनिया नेमका तिकडंच येत होता.

आमच्या दूध डेअरीत ते जन्मभर आचारी. डेअरी नव्या मालकानं घेतली, स्वयंपाक ठेकेदाराला दिला आणि व्याह्यांच्या अंगात पिवळं जाकीट घालून त्यांना ‘सेफ्टी’ केलं. पण चुलीपासचा माणूस तो चुलीपासचाच. आग विझवायच्या नळकांड्याची पितळी तोटी ते चिंचेनं घासायचे. नवं हेल्मेट आलं की मडकं बघावं तसं टिचकी मारून बघायचे. पळायची तालीम असली की आधी विचारायचे, "खाल्लंय का समद्यांनी? उपाशीपोटी कुणी पळायचं न्हाई." नवे साहेब कपाळाला हात लावायचे. मी म्हणायची, "आवं व्याही, शिट्टी वाजवायला शिका, न्हाईतर घरी बसवतील." त्यावर, "ईनबाई, तुमी तुमचे क्रेट धुवा."

त्या दिवशी डोळे झोंबायला लागले, घसा धरला. आल्या वाटेनं फिरावं तर तिथं गॅस. उरलं ते खरकटं टाकायचं मागचं दार, एका माणसापुरतं. सगळ्या त्यावर तुटून पडल्या. एक पोरगी खाली पडली, तिच्यावर दुसरी. आता गॅसनं नाही, चेंगरूनच मरतोय असं मला वाटलं.

तेवढ्यात व्याही पळी घेऊन दारात घुसले आणि वाढताना ओरडायचे तसे ओरडले, "रांग! रांग मोडंल तिला ताट न्हाई!"

खोटं वाटेल, पण रांग लागली. रांग मोडणारीला त्यांनी आजवर खरंच उपाशी ठेवलं होतं. विहीण असून मलाही. पडलेल्या पोरी उठल्या. ओली फडकी तोंडाला धरून एकेक बाहेर पडलो. दारात मी त्यांचा हात ओढला, "चला की आता!"

"आचारी कवा आधी जेवतो व्हय? निघा मुकाट्यानं."

शेवटी निघाले म्हणून गॅस त्यांनाच जास्त लागला. मिरजेला दवाखान्यात बरेच दिवस होते. आवाज गेला तो नीट आलाच नाही. आता रागावले तरी कुजबुजल्यासारखं वाटतं. कामावर परत गेले नाहीत.

त्या पाळीच्या सगळ्या बायका जगल्या. व्याहीही जगले.